शुश्रूषागृहातल्या वेदनाशामक औषधांची चोरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची आई, वडील, आजी, आजोबा शुश्रूषागृहात राहतात त्यांच्यासाठी हे पान आहे. तिथे ड्युटी करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठीही आहे, कारण यातली अर्धी कामं त्यांच्याच हातात असतात. औषध चोरीला गेलं की चौकशी बहुतेक वेळा साठा, सह्या आणि चाव्यांभोवती फिरत राहते. ज्या माणसाला ती गोळी मिळायची होती त्याने रात्र कशी काढली, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. गोळ्यांबरोबर दुखण्याचाही हिशेब रोज ठेवला, तर चोरी लवकर सापडते.

कोणती औषधं जास्त चोरीला जातात?

मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, फेन्टॅनिलचे पॅच (कातडीवर चिकटवायच्या औषधाच्या पट्ट्या), ब्युप्रेनॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल. यातली मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेन्टॅनिल अशी औषधं 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रित आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळं कपाट आणि वेगळं रजिस्टर असतं. ट्रामाडोल त्या करारात नाही. त्यावर किती कडक नियम लावायचे ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो.

गाबापेन्टिन आणि प्रिगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं बऱ्याच ठिकाणी साध्या ट्रॉलीत, न मोजता पडलेली असतात. नशेसाठी त्यांचाही वापर होतो. कायद्याने सक्ती नसली तरी त्यांचीही मोजणी सुरू करावी.

चोरतं कोण?

ज्याचा हात औषधापर्यंत पोहोचतो तो कोणीही. नर्स, मदतनीस, औषध पोहोचवणारा, सफाई कर्मचारी, व्यवस्थापनातली व्यक्ती. भेटायला येणारे नातेवाईकसुद्धा, आणि हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. कारणंही वेगवेगळी असतात. कोणाला स्वतःला व्यसन लागलेलं असतं, कोणी विकतं, कोणी घरातल्या माणसासाठी नेतं.

चेहऱ्यावरून किंवा स्वभावावरून अंदाज बांधू नका. सगळ्यांची लाडकी, जादा ड्युटीला कधीही तयार असलेली व्यक्तीही यात सापडते, आणि तुसडी वाटणारी सिस्टर वर्षानुवर्षं एका गोळीचाही हिशेब चुकू देत नाही. बहुतेक कर्मचारी प्रामाणिक असतात. चांगली मोजणी त्यांचंही रक्षण करते, कारण गोळी हरवली की पहिला संशय त्यांच्यावरच येतो.

चोरी नेमकी कशी होते?

सर्वात सोपा प्रकार म्हणजे दिली नाही, पण दिल्याची सही केली. रजिस्टर जुळतं, स्ट्रिपमधली गोळी कमी झालेली असते, फक्त ती पेशंटच्या पोटात गेलेली नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना ‘मघाशी गोळी घेतलीत ना?’ विचारलं तर त्या मान डोलावतात. म्हणून असे पेशंट आधी निवडले जातात.

दुसरा प्रकार अदलाबदलीचा. ब्लिस्टर कार्ड, म्हणजे प्रत्येक गोळीला वेगळा कप्पा असलेलं पुठ्ठ्याचं पाकीट, समोरून पाहिलं तर सगळ्या कप्प्यांत गोळ्या दिसतात. उलटं केलं की एखाद्या कप्प्यामागचा कागद ब्लेडने कापून वर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली सापडते. आत गोळी आहे, रंगही पांढराच, पण तिच्यावरचा छाप वेगळा. ती रक्तदाबाची असू शकते, पॅरासिटामॉलची असू शकते. इथे नुकसान दुहेरी होतं: दुखण्याची गोळी मिळाली नाही, आणि नको ते औषध पोटात गेलं.

तिसरा प्रकार ‘अर्धी वाया गेली’ असं लिहिण्याचा. डोस अर्ध्या गोळीचा असेल तर उरलेली अर्धी दोघांच्या देखत नष्ट करायची असते. प्रत्यक्षात साक्षीदार दुसऱ्या खोलीत असतो आणि नंतर येऊन सही करतो. ‘तुझ्यावर विश्वास आहे गं’ म्हणून न पाहता केलेली ही सही मला सगळ्यात धोक्याची वाटते.

याशिवाय आलेला माल रजिस्टरला चढवण्याआधीच गायब करणं, डॉक्टरांनी औषध बंद केल्यावरही मागवत राहणं, पेशंट हॉस्पिटलमध्ये भरती असताना त्याच्या नावावर डोस काढणं, आणि कोणी वारलं की त्यांची शिल्लक औषधं खिशात घालणं हेही होतं.

रजिस्टर रोज जुळतं. मग काळजी कसली?

आतल्या माणसाने केलेली चोरी जुळणाऱ्या रजिस्टरमध्येच लपते.

समजा तीस गोळ्यांचं एक कार्ड आहे आणि त्याचा हिशेब एका सुट्या कागदावर ठेवला जातो. कार्ड नेलं आणि तो कागदही नेला, तर पुढच्या मोजणीत सगळं बरोबर येतं. जे कार्ड यादीतच नाही ते कोण मोजणार? तीस गोळ्या गेल्या आणि कोणाला पत्ता नाही. म्हणून कार्डातल्या गोळ्यांबरोबर कार्डं किती आहेत हेही मोजायचं. ‘काल रात्री कार्डं 22, आज एक नवं आलं, एक संपलं, आता 22’ अशी ओळ दर शिफ्टला लिहिली गेली पाहिजे. रजिस्टर बांधीव हवं, पानांवर छापील क्रमांक हवेत. सुटे कागद कपाटात नकोत.

आणखी एक करा. महिन्यातून एकदा फार्मसीकडून आलेल्या मालाची बिलं केंद्राच्या रजिस्टरशी ताडून पाहा. हे काम ज्याच्याकडे कपाटाची चावी नाही अशा माणसाने करावं. मागवणं, उतरवून घेणं, देणं आणि नष्ट करणं ही चारही कामं एकाच व्यक्तीकडे असतील, तर तिथे कुलूप कितीही भारी लावा, उपयोग नाही.

हॅन्डओव्हरची मोजणी कशी करायची?

दोघांनी, एकत्र, कपाटासमोर उभं राहून. जाणारी सिस्टर रजिस्टरमधलं फक्त औषधाचं नाव वाचते, येणारी सिस्टर प्रत्यक्ष गोळ्या पाहून आकडा सांगते. आकडा आधी वाचून दाखवायचा नाही, नाहीतर समोरची नुसतं ‘हो’ म्हणते. प्रत्येक कार्ड हातात घेऊन उलटं करायचं, मागचा कागद बोटाने चाचपायचा, गोळीवरचा छाप बघायचा. पॅचची खोकी उघडून पाहायची. आकडा जुळल्यावरच चावी हातात घ्यायची आणि चावी घेतल्याची वेळ लिहायची.

शिफ्ट बदलताना घाई असते, बस सुटणार असते, घरी लेकरं वाट बघत असतात, हे खरं आहे. त्यामुळे ही मोजणी ड्युटीच्या वेळेत धरून तिचा पगार देणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. फुकटच्या वेळेत होणारी मोजणी वरवरचीच होणार.

पॅच अंगावर असतो. तो कसा चोरतात?

अंगावरून काढून. फेन्टॅनिलचा पॅच साधारण 72 तास लावायचा असतो, ब्युप्रेनॉर्फिनचे काही पॅच सात दिवस चालतात. मुदत संपून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, म्हणून कचऱ्यातला पॅचही उचलला जातो. लहान मूल तो तोंडात घालून दगावू शकतं, इतकं औषध त्यात उरतं.

लावताना पॅचच्या कडेला पेनने हलक्या हाताने तारीख, वेळ आणि आद्याक्षरं लिहा. शरीराच्या आकृतीवर जागेची खूण करा. दर शिफ्टला कपडा बाजूला करून पॅच डोळ्यांनी पाहा, नुसतं ‘आहे’ लिहू नका. पेशंट तो उपटत असेल तर पाठीच्या वरच्या भागावर, हात पोहोचणार नाही अशा जागी लावा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि साक्षीदारासमोर, आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे टाकायचा.

पॅच सापडला नाही तर आधी अंथरूण, कपडे, शेजारच्या पेशंटचं अंग सगळं तपासा. चिकटलेला पॅच मिठी मारताना दुसऱ्याच्या अंगावर गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. प्रत्येक हरवलेला पॅच चोरीचा नसतो. पण प्रत्येक हरवलेल्या पॅचची नोंद झालीच पाहिजे.

पातळ मॉर्फिनचं काय?

त्याची चोरी पकडणं अवघड. थोडं काढून तेवढंच पाणी घातलं की पातळी तीच दिसते. बाटलीचं सील, औषधाचा रंग आणि दाटपणा बघत राहा. बाटली फोडल्याची तारीख लिहा, प्रत्येक पेशंटची एका वेळी एकच बाटली उघडी ठेवा, आणि शक्य असेल तिथे फार्मसीकडून आधीच भरलेल्या तोंडाने द्यायच्या सिरिंज मागवा. मोजणी बाटली सपाट जागी ठेवून, डोळे पातळीच्या रेषेत आणून करायची. दर वेळी दोन-चार मिलिलिटरची तूट ‘सांडलं असेल’ म्हणून सोडली जात असेल, तर ती तूट कोणाच्या शिफ्टला येते ते बघा.

आई बोलू शकत नाही. तिला औषध मिळत नाहीये हे मला कसं कळणार?

तिचं शरीर सांगतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांचं दुखणं मोजायला ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आहे, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात पाच गोष्टी बघतात: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची हालचाल, आणि जवळ घेतल्यावर शांत होते की नाही. प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10. गोळीच्या आधी आणि तासाभराने हे गुण लिहिले गेले, तर दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. गोळी दिल्याची सही आहे आणि गुण 7 चे 7 च राहिलेत, तर एकतर डोस पुरत नाही किंवा गोळी पोटातच गेलेली नाही. डॉक्टरांना दोन्ही शक्यता सांगा.

नियमित मिळणारं ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटातलं औषध अचानक थांबलं तर काही तासांपासून दिवसभरात अंग घामेजतं, नाक-डोळे वाहतात, सारख्या जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोट बिघडतं, जीव कासावीस होतो. वयस्कर माणसात याला सहज ‘सर्दी झालीय’, ‘आज चिडचिड करतायत’ म्हटलं जातं. मग चिडचिडीवर झोपेचं औषध सुरू होतं. दुखणारी बाई अशी गप्प केली जाते, आणि मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

एक धोका नातेवाइकांना क्वचितच कोणी सांगतं. रात्रीच्या शिफ्टला गोळी चोरली जातेय, आई कण्हतेय, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. त्यानंतर एखाद्या दिवशी प्रामाणिक सिस्टर तो वाढीव डोस पूर्ण देते. शरीराला इतक्या औषधाची सवयच नसते. आई जागी होत नाही, श्वास मंदावतो. अशा वेळी तातडीची वैद्यकीय मदत लागते. नॅलॉक्सोन हे उतारा औषध केंद्रात हाताशी असलं पाहिजे. त्याचा असर साधारण 30 ते 90 मिनिटंच टिकतो, म्हणून पेशंट शुद्धीवर आला तरी लक्ष काढून घ्यायचं नाही.

‘गरज पडल्यास’ द्यायच्या औषधांच्या नोंदी कशा वाचायच्या?

एसओएस लिहिलेलं औषध चोराला सोयीचं, कारण ते द्यायचं की नाही हे ड्युटीवरची व्यक्ती ठरवते. महिन्याभराच्या नोंदी घ्या आणि शिफ्टप्रमाणे लावा. बाकी सगळ्यांच्या ड्युटीत आठवड्याला एक-दोन डोस, आणि एकाच्या ड्युटीत दर वेळी जास्तीत जास्त परवानगी असलेला डोस, असं दिसलं तर थांबून बघायला हवं. गोळी दिली त्या वेळी दुखणं किती होतं आणि नंतर किती राहिलं, हे लिहिलंय का? ज्यांना गिळता येत नाही अशांना गोळी दिल्याचं लिहिलंय का? पेशंट बाहेर असताना डोस निघालाय का?

अशा नमुन्याला साधं कारणही असू शकतं. काही सिस्टर दुखण्याकडे खरोखर जास्त लक्ष देतात आणि म्हणून जास्त औषध देतात. त्यांना चोर ठरवलं तर उरलेल्या सगळ्या हात आखडता घेतील आणि त्याचे भोग पेशंटच्या वाट्याला येतील. नोंदींबरोबर पेशंटच्या चेहऱ्याकडेही बघा: तिच्या ड्युटीत पेशंट शांत झोपतात, की तिच्याच ड्युटीत जास्त कण्हतात?

कॅमेरा आणि कुलूपबंद मशीन लावलं की झालं ना?

मदत होते, पुरत नाही. औषधाच्या खोलीत कॅमेरा असावा. पेशंटच्या खोलीत लावायचा तर त्यांची किंवा कायदेशीर पालकांची संमती आणि तिथला कायदा बघावा लागतो, अंघोळ-कपडे बदलण्याची अब्रू राखावी लागते. पासवर्डने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारं मशीन कोणी काय काढलं ते नोंदवतं, पण काढलेली गोळी पुढे कुठे गेली ते त्याला दिसत नाही. पासवर्ड एकमेकींना सांगितलेला असेल तर तेही गेलं. आणि नोंदींचा अहवाल कोणी उघडून वाचतच नसेल तर पैसे वाया.

त्यापेक्षा साठा कमी ठेवणं स्वस्त आणि परिणामकारक. तीन महिन्यांचं औषध एकदम मागवण्याऐवजी एक-दोन आठवड्यांचं मागवा. बंद झालेली औषधं त्याच दिवशी वेगळ्या कुलपात ठेवून लवकरात लवकर, दोघांच्या देखत, परत वापरता येणार नाहीत अशी नष्ट करा.

आम्हीच घरून औषध आणून आईच्या कपाटात ठेवू का?

नको. उघड्या कपाटातलं औषध सर्वात आधी जातं, आणि डोस दोनदा दिला जाण्याची भीती वेगळीच. एखादे आजोबा स्वतःची औषधं स्वतः घेण्याइतके सक्षम असतील तर त्यांना खोलीत कुलपाचा खण द्यायला सांगा आणि तिथलीही मोजणी ठेवा.

एवढी कटकट असेल तर ही औषधं बंदच करावीत का?

अजिबात नाही. कर्करोगाने किंवा मोडलेल्या खुब्याने तळमळणाऱ्या माणसाला औषध नाकारलं, तर चोराने जे केलं तेच आपण नियमाने केलं. शिवाय नियमित चालू असलेलं ओपिऑइड डॉक्टरांशिवाय एकदम थांबवणं घातक आहे.

मोजणीत गोळ्या कमी भरल्या. पहिल्या तासात काय करायचं?

आधी पेशंटकडे जा. दुखणं किती आहे, श्वास आणि शुद्ध कशी आहे, डोस चुकलाय का, अदलाबदल झाली असेल तर पोटात काय गेलं असेल, हे बघून डॉक्टरांना फोन करा आणि राहिलेला डोस कसा द्यायचा ते विचारा. गोळी कोणी नेली हे नंतर.

मग दुसऱ्या व्यक्तीबरोबर पुन्हा मोजा. आकडा जुळवण्यासाठी रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही, फरक आहे तसा वेळ टाकून लिहायचा. संशयास्पद कार्ड किंवा बाटली पिशवीत सील करून वेगळी ठेवा, फेकू नका. त्या शिफ्टच्या लोकांना तपासणी होईपर्यंत थांबवा, पण कोंडू नका आणि झडती स्वतः घेऊ नका. इनचार्ज, फार्मासिस्ट, पेशंटचं कुटुंब, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे पोलीस व नियामक यंत्रणा यांना कळवा. कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी जपून ठेवायला सांगा.

‘आधी आपल्यात मिटवू’ हा सल्ला हमखास येतो. तो मानलेल्या केंद्रात चोर राजीनामा देऊन शांतपणे दुसऱ्या केंद्रात जातो.

गोळीच गेली ना, बाकी काय मोठं बिघडलं?

2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका हॉस्पिटलमधले पेशंट एकापाठोपाठ हिपॅटायटिस सी ने आजारी पडू लागले. तपासात दिसलं की तिथला एक तंत्रज्ञ फेन्टॅनिलच्या सिरिंज चोरून स्वतःला टोचायचा, सलाइन भरून परत ठेवायचा, आणि त्याला स्वतःला हा आजार होता. तो आधी इतर राज्यांतही काम करून आला होता. 40 हून जास्त लोकांना लागण झाली. 2013 मध्ये त्याला 39 वर्षांची शिक्षा झाली. इंजेक्शनच्या औषधात छेडछाड झाल्याचा संशय असेल तर ज्यांना ते टोचलं गेलं त्या सर्वांची रक्ततपासणी विचारात घ्यावीच लागते.

सहकाऱ्यावर संशय आहे, पण पुरावा नाही. बोलू का?

बोला, पण कँटीनमध्ये नको. तारीख, वेळ, काय पाहिलं एवढं लिहा आणि इनचार्जकडे द्या. ‘ती चोर आहे’ असं लिहू नका. ‘मंगळवारी रात्री दोन वाजता साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही होती, मी तिथे नव्हते’ असं लिहा. इनचार्जच गुंतले असतील तर त्यांच्या वर जा.

तुम्ही स्वतः यात अडकला असाल तर आजच डॉक्टरांशी बोला. ओपिऑइडचं व्यसन हा आजार आहे, त्यावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार आहेत. काही देशांत स्वतःहून पुढे येणाऱ्या नर्सना उपचार घेऊन, देखरेखीखाली कामावर परतण्याची वाट ठेवलेली असते. पण उपचार मिळेपर्यंत औषधाच्या चावीपासून दूर राहणं भाग आहे. सहानुभूती व्यसनात अडकलेला आणि पेशंट दोघांबद्दल हवी, आणि पलंगावरच्या माणसाला प्रतिकार करता येत नाही म्हणून त्याचा क्रम पहिला.

तक्रार केली आणि आईलाच त्रास दिला तर?

ही भीती खरी आहे आणि त्यापायी अनेक घरं गप्प बसतात. आरोपाने सुरुवात करू नका, माहिती मागा: ‘आईची औषधांची यादी आणि या महिन्याच्या नोंदी दाखवाल का? गोळी दिसायला कशी असते?’ वेगवेगळ्या वेळी भेटायला जा, रात्रीही. प्रत्येक भेटीनंतर दुखण्याचे गुण आणि गोळीची वेळ वहीत लिहा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि एक प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांना द्या, म्हणजे केंद्राबाहेरच्या एका जबाबदार माणसाला ती माहीत असते. बोलावणं आलं तर एकट्याने जाऊ नका. काही देशांत शुश्रूषागृहातल्या रहिवाशांच्या बाजूने तक्रारी हाताळणारे स्वतंत्र अधिकारी असतात, तसे तुमच्याकडे असतील तर पहिल्याच दिवशी त्यांना गाठा. तक्रारीनंतर आईच्या वागणुकीत, जेवणात किंवा अंगावरच्या खुणांत काही बदल दिसला, तर ती वेगळी आणि जास्त गंभीर तक्रार आहे. ती त्याच दिवशी नोंदवा.